वहीचं मागचं पान

शाळा साडेचारला सुटायची आणि आता सहा वाजायला आले होते. नवरा स्कूटर घेऊन लेकीला आणि आजोबांना शोधायला गेला होता. घरी कुणीतरी असायला हवं, असं जाताना तो म्हणाला, म्हणून ती घरी थांबली. थांबणं कसलं, गॅलरीतून दारापर्यंत आणि दारातून परत गॅलरीत, असं तिचं चाललं होतं.

शाळा घरापासून दहा मिनिटांवर. मुंगीला आणायला रोज आजोबा जायचे. मुंगी म्हणजे त्यांची दहा वर्षांची नात. दिसायला एवढीशी आणि सदा कसल्यातरी उद्योगात, म्हणून मुंगी. आजोबांनी नगरपालिकेच्या नोकरीत शहरातले निम्मे रस्ते साखळी टाकून मोजले होते. त्यामुळे त्या दहा मिनिटांची काळजी करायचं कुणाला कधी सुचलंच नव्हतं. पण गेल्या दोन महिन्यांत दोघं पाच-सहा वेळा उशिरा आली. का म्हणून विचारलं की आजोबा नातीकडे बघायचे आणि नात सांगायची, जादा तास होता. मागच्या आठवड्यात आईने कामावरून, चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवता बसवता, शाळेत फोन लावला. जादा तास वगैरे काही नव्हता.

म्हणजे पोर खोटं बोलत होती. आणि याच दोन महिन्यांत तिने मोबाइल पाहिजे म्हणून भुणभुण लावली होती. नवऱ्याचं म्हणणं, देऊन टाकू, निदान कुठे आहे ते तरी कळेल. त्याने स्वतःचा जुना फोन पुसूनबिसून, नवं सिम घालून कपाटावर ठेवलाही होता. तिला ते काही केल्या पटत नव्हतं. वर्षात दोन बाटल्या आणि एक छत्री हरवणारी मुलगी फोन काय सांभाळणार? मुंगीच्या वर्गातल्या एका मुलीला कुणी अनोळखी माणूस महिनाभर गोड गोड मेसेज पाठवत होता, घरात कुणाला पत्ता नव्हता. आणि इथे तर मुलगी आत्ताच खोटं बोलायला शिकलेली. तिच्या हातात फोन देणं म्हणजे आपल्याच हाताने विस्तवाशी खेळायला बसवणं. अजून दोन वर्षं फोनचं नाव काढायचं नाही, असं तिने परवाच ठणकावलं होतं. मुंगी रडली नाही की रुसली नाही. दोन वर्षं खूप होतात, एवढंच म्हणाली.

नवऱ्याचा फोन आला. त्याने शाळेच्या वॉचमनला विचारलं होतं. मुंगी साडेचारलाच बाहेर पडली, पण एकटी. आजोबा फाटकाशी नव्हते. वॉचमन असंही म्हणाला, की हल्ली ती बऱ्याचदा एकटीच निघते आणि पळतच जाते.

ती मुंगीच्या टेबलाशी गेली. काय शोधतोय ते तिचं तिलाही कळत नव्हतं. रफ वही हाताला लागली. भागाकार, नकाशे, आणि सगळ्यात मागच्या पानावर एक यादी. बेकरीचा कोपरा, पुढे चार रेघा. पाण्याची टाकी, सात. जुना पूल, दोन. बंद कारखान्याचं फाटक, एक. त्या कारखान्याकडे दिवसाढवळ्यासुद्धा कुणी फिरकत नसे. कुणीतरी पोरीला या जागांवर बोलावत होतं. चौदा वेळा. ती वही तशीच धरून उभी राहिली.

तेवढ्यात दार वाजलं. दोघं आली होती. मुंगीने आजोबांचा हात घट्ट धरला होता. तिचा चेहरा घामाने निथळत होता, एक मोजा खाली घसरला होता. आजोबांच्या चपला धुळीने भरल्या होत्या, पण स्वारी खुशीत होती.

"आणलं बघ तुझ्या लेकीला," ते म्हणाले आणि पाय धुवायला आत गेले.

तिने नवऱ्याला कळवलं, आली म्हणून. मग ती मुंगीसमोर खाली बसली आणि ते पान पुढे केलं. ओरडायचं ठरवलं होतं, पण हळूच विचारलं.

"इथे तुला कोण भेटतं?"

मुंगीने मोरीच्या दाराकडे बघितलं. आत नळ सुरू व्हायची वाट पाहिली.

"आजोबा."

मग तिने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. शाळा सुटते तेव्हा पुष्कळदा आजोबा फाटकाशी नसतात. मग त्यांना शोधावं लागतं. जिथे ते जास्त वेळा सापडले तिथे आधी जायचं, म्हणून रेघा. आज यादीतल्या एकाही जागी नव्हते. शेवटी हमरस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसले. मोबाइल तिला स्वतःसाठी नकोच होता. तो त्यांच्या खिशात ठेवायचा होता. शाळेच्या ऑफिसातून फोन करू देतात. समोर काय दिसतंय, एवढं विचारलं असतं तरी झालं असतं.

हे कधीपासून, असं आईने विचारलं. सहामाही परीक्षेपासून, मुंगी म्हणाली.

"अगं, मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना पाठवलं नसतं." मुंगीने घसरलेला मोजा वर ओढला. "परवा ते माझं नावसुद्धा विसरले. पण मला आणायला जायचंय, हे त्यांना रोज आठवतं."