एकाच पत्त्यावर

नगरपालिका कचेरीच्या काउंटरवरच्या मुलीनं ओसवाल्दो मियाझातोंचं रहिवासी कार्ड उलटं करून पाहिलं. मागच्या बाजूला जुन्या गावाचा पत्ता होता. त्याच्याखाली नवा लिहून घ्यायची मुदत आज संपत होती.

"पत्ता मुलाच्याच घरचा आहे," ती म्हणाली. "मग नाव मुलाच्याच कुटुंबात घालू ना?"

"नाही, नाही," शेजारी बसलेला एद्सोन घाईनं म्हणाला. "वेगळं कुटुंब. बाबा स्वतःच त्यांचे कुटुंबप्रमुख."

कुटुंब वेगळं दाखवलं की म्हाताऱ्यांच्या विम्याचा हप्ता कमी बसतो. ही अक्कल एद्सोनला त्याच्या बायकोनं, सिमोनेनं दिली होती आणि तिला कारखान्यातल्या मैत्रिणींनी. त्यात वावगं काही नव्हतं. फक्त एका छपराखाली राहूनही खर्च आणि खाणंपिणं खरोखर वेगळं असायला हवं. म्हणून येताना गाडीत त्यानं बाबांना पोपटासारखं पढवलं होतं. तरी धास्ती होतीच. ब्राझीलहून येऊन तीस वर्षं जपानात लोखंड कापलं, पण म्हाताऱ्याला कधी धड खोटं बोलता आलं नाही. त्यातून सुनेचं कौतुक करायला लागला की थांबायचा नाही.

मुलगी ओसवाल्दोंकडे वळली आणि सावकाश, मोठ्यानं बोलू लागली.

"मियाझातो-सान, हे मला तुमच्या तोंडून ऐकायला हवं. जेवण एकत्र असतं का हो?"

ओसवाल्दोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वेगळं."

"वेगळं म्हणजे कसं?"

एद्सोनचा जीव टांगणीला लागला. एवढंच पढवलं होतं, यापुढचं नाही.

"मी पाचला जेवतो," ओसवाल्दो म्हणाले. "भात आणि घेवडा. माझं मीच शिजवतो, सून कामावरून यायच्या आत. ताट धुतो, ओटा पुसतो. तिला घेवड्याचा वास सोसत नाही, म्हणून खिडकी उघडून ठेवतो."

"आणि ते सगळे जेवतात तेव्हा?"

"तेव्हा मी खाली बाकावर जाऊन बसतो."

"या थंडीत?"

"कोट आहे की."

मुलीचं पेन थांबलं. "राहायला आल्यापासून असंच आहे?"

"छे, छे. पहिले दोन दिवस एकत्रच जेवलो. पण माझी कवळी वाजते हो, खाताना. दोन्ही नातींना हसू फुटतं, मग त्या जेवत नाहीत. मला कुणी काही बोललं नाही, उगाच कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी बघतो तर टेबलाला चारच खुर्च्या. पाचवी माझ्या खोलीत. कपडे टाकायला बरी पडते."

ती खुर्ची एद्सोननंच उचलून नेली होती. बाबांना कपडे ठेवायची सोय, असं त्या वेळी त्यानं स्वतःलाच सांगितलं होतं आणि लगेच पटवूनही घेतलं होतं.

एद्सोनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि ते न बघणंच त्याला जास्त लागलं. जे सिद्ध करायला तो आला होता ते सिद्ध झालं होतं. आता नको म्हणावं, बाबांचं नाव माझ्याच कुटुंबात घाला म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठावर आलं. मग सिमोनेला काय सांगायचं, हा प्रश्न पडला आणि ते ओठावरच राहिलं.

मुलीनं कार्डावर पत्ता उमटवून आणला, शिक्का मारला आणि ते दोन्ही हातांनी ओसवाल्दोंसमोर धरलं. "बघून घ्या, बरोबर आहे ना?"

त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "अगदी बरोबर. माझ्या मुलाचं घर."

दोघं बाहेर गाडीपाशी आले. मग ओसवाल्दोंनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय रे, जमलं की नाही? मला वाटलं, पोरगी पकडतेय आता. इतकं मोठं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो."

ते हसले. कवळी वाजली. हसताना ते एद्सोनकडे बघत नव्हते, समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

त्यात खोटं काय होतं, असं विचारायची एद्सोनची छाती झाली नाही.

"छान जमलं, बाबा," तो म्हणाला. गाडीची किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला. रस्त्यापलीकडे नूडल्सचं छोटं दुकान होतं, दारातून वाफ बाहेर येत होती. पाच वाजत आले होते.

"बाबा, चला ना. तिथं काहीतरी गरम खाऊ. आपण दोघंच."

ओसवाल्दोंनी दुकानाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग वळून कचेरीच्या काचेच्या दाराकडे नजर टाकली आणि टोपी डोक्यावर नीट बसवली.

"आज नको रे. आपण वेगळं जेवतो म्हणून आत्ताच आत सांगून आलोय. त्या पोरीनं आपल्याला एका टेबलावर बघितलं, तर तू खोटा पडशील."