गेजचा काटा

पनवेलला भगवान मिस्त्रीच्या गॅरेजात मोरा बंदराच्या कृष्णाबाई आपली मासळीची पिकअप स्वतः चालवत घेऊन आल्या. "चढावर गाडी ओढतच नाय," त्या म्हणाल्या.

भगवानने डिझेलच्या लाइनला प्रेशर गेज लावला, इंजिन थोडं फिरवून बंद केलं. काटा शून्यावर यायला हवा होता. तो संथपणे वर चढत होता, खाली उतरत होता.

"कारण सापडल्याशिवाय गाडी सोडणार नाही," भगवान म्हणाला. त्याने बॅटरी काढली, लाइनमधलं सगळं डिझेल काढून टाकलं. काटा हलतच राहिला. शेवटी त्याने गेजच सोडवून हातात घेतला. भर दुपारच्या उन्हात, त्याच्या तळहातावर, काटा वर-खाली होतच होता.

कृष्णाबाई कधी काट्याकडे, कधी भगवानच्या छातीकडे बघत होत्या. "मिस्त्री," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी जरा श्वास रोखून धरा."

गेजच बिघडलाय हे दाखवून द्यायला त्याने श्वास रोखला. काटा मधेच थांबला.

भगवानने हट्टाने साठापर्यंत मोजलं. छाती फुटायला आली तेव्हा त्याने तोंड उघडलं. पण काटा जागचा हलला नाही, आणि श्वासही आत येईना.