रिव्हर्सचा हॉर्न

सेकंडहँड व्हॅन रिव्हर्सला टाकली की मागचा हॉर्न असा केकाटायचा की इंदिरानगरची अख्खी गल्ली मला शिव्या घालायची. आवाज कमी करता करता तीन इलेक्ट्रिशियन थकले. शेवटी मीच वैतागून पक्कड घेतली आणि वायर तोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागे घेतली. हॉर्न गप्प होता. त्या शांततेत मागून कोणीतरी म्हणत होतं, "येऊ द्या, येऊ द्या."

बायको असेल म्हणून मी निवांत मागे येत राहिलो. तेवढ्यात ती माझा डबा घेऊन समोरच्या दारातून बाहेर आली.

मी ब्रेक दाबला आणि उतरून मागे गेलो. बंपर कंपाउंडच्या भिंतीला टेकला होता. मध्ये कागदही सरकला नसता.

"येऊ द्या अजून," तिथूनच आवाज आला, "भरपूर जागा आहे."