उकळून घेतलेल्या बाटल्या

मागच्या दाराने आत पाऊल टाकलं आणि तिला फिनेलचा वास आला. हातातला रिकामा ट्रे तिने दाराशीच टेकवला.

ओट्यावर फडकं पसरलेलं होतं आणि त्यावर सहाच्या सहा काचेच्या बाटल्या पालथ्या घातल्या होत्या. लख्ख. शेजारी तिचे बाबा उभे होते, बाह्या दुमडलेल्या, बोटं पाण्याने सुरकुतलेली. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर कामावरून आलेल्या माणसाचा थकवा होता, आणि तो त्यांना शोभत होता.

“बघ,” ते म्हणाले, “ओळखू येतात का?”

ओळखू येत नव्हत्या. सकाळपर्यंत त्यांच्यात उकडलेल्या धान्यावर हिरवीगार बुरशी माजलेली होती.

“काय ती घाण चढली होती गं! तुला नर्सरीतून डोकं वर काढायला फुरसत नाही, म्हटलं आपणच उरकून टाकावं. आणि नुसत्या घासल्या नाहीत हं. उकळून घेतल्या, चांगल्या खळखळ.”

उकळणार नाहीत तर ते बाबा कसले! सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत, कात्र्या-चिमटे उकळण्यात गेलेली. त्यांच्या तावडीतून सुटलेला जंतू अजून जन्माला यायचा होता.

“आतलं काय केलंत?”

“मागच्या खड्ड्यात टाकलं. वर भरपूर फिनेल ओतलं. काळजी नको.”

ती स्टुलावर बसली. बाहेर ट्रेमध्ये मिरचीचं नवं बी कालच पडलं होतं. मागच्या खेपेला रोपं दोन पानांवर आली आणि मातीतल्या रोगाने बुंध्याशी कुजून रांगेच्या रांगा मान टाकून पडल्या. त्याच्या आधीच्या खेपेलाही तेच. दुकानातल्या पुड्या आणून झाल्या, पण त्यांतली औषधी बुरशी कधीचीच मेलेली असायची. शेवटी प्रयोगशाळेत हेलपाटे घालून तिने चिमूटभर जिवंत बुरशी मिळवली होती, रोगाच्या बुरशीला खाऊन टाकणारी, आणि ती या बाटल्यांत पोसली होती. आज ती पाण्यात कालवून ट्रेमधल्या मातीवर ओतायची होती. ही खेपही गेली तर नर्सरीला कुलूप लावायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

बाबांनी विचारलं होतं, हे तिला आठवलं. परवाच, एक बाटली नाकाशी नेऊन. “हे काय गं वाढवतेस?” आणि चपला पायात सरकवता सरकवता ती म्हणाली होती, “ते तुम्हाला नाही कळायचं बाबा. ठेवा खाली.”

दोन वाक्यांत सांगता आलं असतं. जंतूवर जंतूच सोडायचा, एवढंच. जन्मभर जंतूंशी झुंजलेल्या माणसाला ते चटकन कळलं असतं, गंमतही वाटली असती. रोज सकाळी बाटल्या मोजत बसले असते. तिला त्यांचा राग येईना आणि स्वतःचा आवरेना.

“काय गं, काय झालं?”

“काही नाही. छान निघाल्यात.”

बाबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरची ऐट उतरली.

“डाग राहिले वाटतं,” ते म्हणाले. “पूर्वीसारखं दिसत नाही आता मला. तू म्हणणार नाहीस, पण राहिले असणार.”

“नाही हो बाबा.”

पण त्यांनी एक बाटली उचललीच. खिडकीपाशी जाऊन उजेडात धरली आणि मान, पोट, तळ असं सावकाश फिरवून बघू लागले.

“इकडे ये. तुझी नजर चांगली आहे,” ते म्हणाले. “कुठे जरा तरी हिरवं राहिलंय का, बघ.”

ती उठली आणि त्यांच्या खांद्याशी येऊन बाटलीत बघू लागली.