बाकापर्यंत

फाटकाजवळच्या बाकापर्यंत जायचं, जरा टेकायचं आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. थकव्याच्या त्या चिवट आजारानं वहिनीला अंथरुणाला खिळवलं, त्यानंतर आज पहिल्यांदाच ती जिना उतरली होती. बाकावर टेकली न टेकली तोच तिची बोटं स्वतःच्या मनगटावर गेली.

"काय म्हणतेय नाडी?" नणंदेनं विचारलं. ती शिवणाच्या मशीनवरून तशीच उठून आली होती. मापाची टेप अजून गळ्यातच होती.

"जोरात चाललीय. आणि डोळ्यांपुढे काहीतरी चमकतंय."

"ऊन आहे ते." नणंद सरकून ऊन अडेल अशी बसली. "सकाळी आरशात जीभ बघून झाली, आता नाडी. एवढं लक्ष दादाकडे दिलं असतंस, तर तो केव्हाच सुधारला असता."

वहिनी हसली, पण बोटं हलली नाहीत.

"बघायचीच आहे ना? मग माझी बघ." नणंदेनं हात पुढे केला.

वहिनीनं तिचं मनगट धरलं. हळूहळू तिच्या कपाळावर आठी उमटली. "अगं, ही तर माझ्याहून जोरात पळतेय."

"पळणारच. दादाला न सांगता तुला खाली आणलंय. काही झालं तर माझी धडगत नाही." मग तिचा आवाज खाली आला. "आणि मशीनशेजारी बसून माझी बडबड ऐकून घ्यायला मला तरी दुसरं कोण आहे?"

वहिनीनं मनगट सोडलं नाही.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे, पोहण्याच्या तलावावर शिट्टी वाजली, पाठोपाठ पाण्यात धपाधप उड्या पडल्या. आजारी पडेपर्यंत वहिनी त्याच तलावावर पोहायला शिकवायची.

"चल, तिथवर जाऊन येऊ," ती म्हणाली. "नुसतं जाळीतून बघायचं. आज खरंच बरं वाटतंय मला."

नणंद गळ्यातली टेप बोटाला गुंडाळू लागली. मागे एकदा असंच बरं वाटलं म्हणून वहिनीनं घरभरचे पडदे धुऊन काढले होते. त्यानंतर कित्येक दिवस तिला साधा कंगवाही उचलवला नव्हता.

"मी नको म्हणणार नाही," नणंद शेवटी म्हणाली. "तू ठरव. जायचं तर मी आहेच बरोबर."

वहिनी भिंतीकडे बघत राहिली. पलीकडे कुणीतरी पहिल्यांदाच तरंगलं असावं, टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबेपर्यंत तिनं ऐकलं. मग ती उठली आणि जिन्याकडे वळली.

अर्ध्या जिन्यात आल्यावर ती एकाएकी पायरीवर बसली.

नणंद झटकन तिच्यापुढे वाकली. "काय झालं? दमलीस?"

"अजून नाही," शेजारची जागा थोपटत वहिनी म्हणाली, "म्हणून तर बसले."