चोथ्याचा चहा

तैवानी जावयाने ऊलाँग चहाच्या काळ्या पत्तीवर उकळतं पाणी ओतलं आणि तो पहिला चहा चक्क सिंकमध्ये फेकला. मग त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून कप माझ्यापुढे धरला.

चोथ्याचा चहा! तोही सासूला!

“आई, पहिल्या पाण्यात पत्ती धुतात,” लेक म्हणाली.

मी घोट घेतला. जळकं लाकूड चाटल्यासारखं वाटलं. शी! तशीच उठले, आलं ठेचून, भरपूर दूध घालून आपला चहा उकळला आणि जावयाला दिला.

त्याच्या ओठाला साय चिकटली. बिचाऱ्याच्या अंगावर काटा आला, तरी डोळे मिटून त्याने कप रिकामा केला.

आता लेक माझ्या कपाकडे बघत होती. मीही श्वास रोखून ते जळकं लाकूड घशाखाली उतरवलं.

जावई खुलला आणि त्याच चोथ्यावर तिसऱ्यांदा पाणी ओतायला धावला.