आकड्यातले मासे

“एकच आकडा बदलायचाय, मॅडम. डोंगर नाही हलवायचा.” साहेब येऊन तिच्या खुर्चीमागेच उभे राहिले.

वरच्या नव्या वसाहतीचं सांडपाणी तळ्यात सोडायला हरकत नाही, असा अहवाल दुपारी तीनपर्यंत जायचा होता. संगणकातलं तळं, म्हणजे तिचं मॉडेल, मात्र हरकत घेऊन बसलं होतं. नाल्यातून आधीपासूनच येणारा, शेवाळ पोसणारा फॉस्फरस निम्मा धरला की ते गप्प होईल, असं साहेबांचं म्हणणं. तिची नेमणूक महिनाअखेर संपते, याचीही त्यांनी जाता जाता आठवण करून दिली.

तिने आकडा निम्मा केला. आली वळणावर, असं साहेबांना वाटलं.

पण तिची एक रीत होती. मॉडेलला पुढचं विचारण्याआधी मागचं विचारायचं. घडलेलं ज्याला सांगता येत नाही, त्याला न घडलेल्यावर बोलायचा हक्क नाही. तिने गेलं वर्ष लावलं.

जानेवारी. निळं.

मार्च. निळं.

मे. निळं.

“बघा, कसं काचेसारखं,” साहेब खूश झाले.

तिने तळ्यावरच्या नावाड्याला हाक मारली. तो बाहेर पडवीत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या विसळत होता. आला तो ओल्या हातांनीच, दारात थबकला. तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

“काका, या आकड्याने गेल्या मे महिन्यात तळ्यात एकही मासा मेला नाही.”

नावाड्याने त्या निळ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे.

“मग साहेब, चार दिवस मी काय पुरत होतो?”

साहेब म्हणाले, मागचं उकरायचं कारण नाही, अहवाल या वर्षापासून सुरू करा. ती म्हणाली, करा, पण सही तुमची. आणि तिने आकडा पुन्हा पहिल्यासारखा केला.

जानेवारी. मार्च. मे.

मे काळा.

तिने छपाईची कळ दाबली. अर्धा कागद बाहेर आला तोच साहेबांनी वाकून प्रिंटरची विजेची पिन उपटली आणि टेबलावर टाकली.



नावाड्याने दोन्ही हात विजारीला पुसले. पुन्हा पुसले. चांगले कोरडे झाल्याची खात्री केली आणि पिन जागच्या जागी बसवली.